बोसिल्काच्या खुंट्या

आमच्या कचेरीत बोसिल्का ग्रुएव्स्काचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं. आमच्या राजधानीचे, स्कोप्ये शहराचे नकाशे आम्ही दोघींनी आधी शाईच्या पेनानं काढले आणि मग संगणकावर, म्हणजे उभं आयुष्यच समोरासमोर गेलं म्हणायला हरकत नाही. तुझ्यापेक्षा तिला मी जास्त ओळखते, असं मी तिच्या नवऱ्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि मेतोदी बिचारा मान डोलवून मला कॉफी करून द्यायचा.

तिच्या भावाचं आणि तिचं ते प्रसिद्ध भांडण मी पहिल्यांदा ऐकलं ईस्टरला, त्यांच्या आईच्या घरी. लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून झाली होती, कोकराचं मटण संपत आलं होतं, आणि तिचा थोरला भाऊ ग्लिगोर खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "काल तिथून गेलो. आपल्या घराच्या जागेवर आता कुणीतरी पांढरी व्हॅन लावतं."

"आपल्या घराच्या जागेवर मुलं झोके घेतात, बाते," बोसिल्का म्हणाली. थोरल्या भावाला आमच्याकडे बाते म्हणतात. "व्हॅन दुसऱ्या कुणाच्या घरात उभी आहे."

"झोका आहे म्हणून तुला तिथं घर दिसतं. नऊ वर्षांची होतीस तू तेव्हा."

"आणि तू तेरा वर्षांचा. घरी असायचास कधी? दिवसभर नदीवर पडलेला."

"नदीवरून परत यायचो ना? मग वाट कुणाला माहीत असणार, मला की बाहुल्या खेळणारीला?"

मी हसत होते, कारण मला वाटलं हे आजचंच आहे. मेतोदी माझ्या कानाशी लागला, "आमचं लग्न झालं त्या दिवशीही हेच चालू होतं. पाद्री थांबला होता."

त्यांची आई, झ्लाता, तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिनं दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंडी खा," एवढंच म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. घर कुठं होतं हे एका वाक्यात सांगू शकेल असं त्या टेबलावर कुणी असेल तर तीच. पण तिला त्या विषयावर बोलायचं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्रेसष्टच्या जुलैत पहाटे भूकंप झाला तेव्हा ते रेल्वे स्टेशनाजवळच्या एका गल्लीत राहत होते. वडील रेल्वेत, त्या रात्री वेलेसला ड्युटीवर. उकाडा फार म्हणून आई दोन्ही मुलांना घेऊन अंगणात झोपलेली. आजोबा म्हातारे, त्यांना बाहेरची हवा सोसायची नाही, ते आत. अंगणातली तिघं वाचली. आजोबा वाचले नाहीत.

मग शहरातली मुलं गाड्या भरभरून बाहेर पाठवली गेली. बोसिल्का मारिबोरला एका कुटुंबात वर्षभर राहिली, ग्लिगोर बेलग्रेडला. परत आली तेव्हा आईवडील गावाबाहेर लाकडी बराकीत राहत होते आणि जुन्या गल्लीत गल्लीच उरली नव्हती. ढिगारे उचललेले, जमीन सपाट, आणि नव्या शहराचे रुंद रस्ते पट्टी लावून आखावेत तसे आखलेले. बोसिल्का पुढं भूमापन शिकली. का शिकलीस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "बराकीजवळ मोजणीवाले यायचे. तिपाईवरच्या दुर्बिणीतून मला बघू द्यायचे. त्यातून सगळं उलटं दिसायचं, मला फार मजा वाटायची." मोठं कारण द्यायची तिला सवयच नव्हती.

ग्लिगोर बस चालवायला लागला आणि त्याच नव्या रुंद रस्त्यावरून तीसएक वर्षं बस चालवून निवृत्त झाला.

बोसिल्काच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना कचेरीत जुन्या नकाशांचं काम निघालं. तळघरात लोखंडी कपाटांत शहराचे दोन महायुद्धांमधल्या काळातले नकाशे होते. मोठाले कागद, मागून कापड चिकटवलेले, घड्यांवर फाटलेले, एकावर कुणीतरी चहाचा पेला ठेवलेला. ते सगळे स्कॅन करायचे आणि मग संगणकात आजच्या शहरावर बरोबर बसवायचे, म्हणजे जुन्या गल्लीवर बोट ठेवलं की आज तिथं काय आहे ते दिसावं. त्याला जिओरेफरन्सिंग असं लांबलचक नाव होतं. बोसिल्का त्याला खुंट्या ठोकणं म्हणायची.

कारण काम तेच होतं. जुन्या नकाशात एक जागा शोधायची जी आजही जिथल्या तिथं आहे. दगडी पुलाचं टोक, मशिदीचा मिनार, हमामखान्याचा घुमट. तिथं एक खुंटी ठोकायची, दुसरीकडे दुसरी, आणि कागद ताणून त्या खुंट्यांना अडकवायचा. कागद म्हणजे काही काच नव्हे. दमट तळघरात तो लांबीला एका मापानं आखडलेला असतो आणि रुंदीला दुसऱ्या. इकडे ओढला की तिकडे सुटतो.

"ओल्या चादरीसारखं आहे गं, स्टोइना," ती मला म्हणायची. "चारही टोकं धरायला चार माणसं लागतात."

नदीपलीकडच्या जुन्या बाजाराचे नकाशे तिनं भराभर बसवले. तिकडे बरंच काही उभं आहे. नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, अवघड झालं, आणि स्टेशनाजवळच्या कागदावर तर तिची बोटं थांबलीच. त्या कागदावर तिची गल्ली होती. गल्लीत बारीक चौकोन होते आणि त्यातल्या एका चौकोनात, तिच्या आजोबांनी बांधलेल्या घराच्या जागी, मोजणीदारानं ओसरी दाखवणारी तुटक रेघसुद्धा काढली होती.

ती रेघ दाखवायला तिनं मला बोलावलं आणि रेघेवर बोट ठेवून उभी राहिली. मीही उभी राहिले.

पण तो कागद बसवायचा कशावर? आसपासचं सगळं गेलेलं. शोधून शोधून तिला तीन खुंट्या मिळाल्या. जुन्या स्टेशनाच्या उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागाचा कोपरा, नदीकाठच्या एका जुन्या इमारतीचा कोपरा, आणि रेल्वेवाल्यांचा चेश्मा, म्हणजे दगडी कुंडाचं सार्वजनिक पाणी, जे आजही तिथल्या एका बागेच्या कडेला वाहतं. तिन्ही ठोकल्या, कागद ताणला, आणि घर बसलं बरोबर खेळाच्या मैदानात. झोक्याच्या जरा डावीकडे.

ती खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागं कपाटावर आपटली. "झोका! स्टोइना, झोका!"

भावाला तिनं तिथूनच फोन लावला. संध्याकाळी ग्लिगोर स्वतः कचेरीच्या दारात हजर, हातात घरच्या द्राक्षांच्या दारूची, राकियाची, बाटली. पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग टोपी काढली.

"म्हणजे इतकी वर्षं मी परक्याच्या घराला आपलं म्हणत होतो," तो म्हणाला. "घे. हरलो." माणूस खरंच उतरला होता. बोसिल्कालाही तेवढं अपेक्षित नसावं. तिनं त्याला राकिया ओतून दिली, स्वतः घेतली, मलाही दिली, आणि आम्ही सरकारी कपांतून ती प्यायलो.

त्यानंतरचा महिना ती गुणगुणत काम करत होती. मग सैन्यानं भूकंपानंतर विमानातून काढलेले फोटो आमच्याकडे स्कॅन होऊन आले. त्यात सगळं एकत्र होतं. ढिगारे, उभी राहिलेली घरं, तंबू, रूळ. बोसिल्का कागद आणखी घट्ट बसवायला म्हणून त्यात खुंट्या शोधत होती. मी माझ्या कामात होते. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की समोरून गुणगुणणं थांबलंय.

"काय झालं?"

"चेश्मा," ती म्हणाली.

मी उठून तिच्यामागं गेले. फोटोत पडक्या घरांमध्ये दगडी कुंडाचा चौकोन स्वच्छ दिसत होता, सकाळच्या उन्हात त्याची सावली पडलेली. फक्त तो आजच्या जागी नव्हता. रस्त्याच्या पलीकडे होता. रस्ता रुंद करताना कुणीतरी तो दगड न् दगड सोडवून इकडच्या बाजूला आणून पुन्हा बांधला होता. बोसिल्कानं खुंटी ठोकली होती ती चालून आलेल्या चेश्म्यावर.

"पण संगणक चूक दाखवतो ना?" मी विचारलं. "तेव्हा तर शून्य दाखवत होता."

"तीन खुंट्यांवर कुठलाही नकाशा बसतो गं. चूक कायम शून्यच येते. चौथी ठोकली की मग कळतं कोण खोटं बोलतंय." तिनं चष्मा काढला. "हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. आणि स्वतः तीनवर थांबले. का? तर झोका दिसला."

मी म्हटलं, अगं, ग्लिगोरनं मान्य केलंय, मैदानानं मान्य केलंय, कागद अजून पुढं कुणाला दिलेला नाही. नीट करून टाक, भावाला कशाला सांगतेस? तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझ्या टेबलाशी परत गेले.

फोटोतून तिला नव्या खुंट्या मिळाल्या. एक पाणी साठवायची टाकी, एका शाळेचा कोपरा, रुळांचं एक वळण. आता पुष्कळ झाल्या होत्या, आणि चूक म्हणून संगणक जो आकडा दाखवत होता तो वीतभर होता, शून्य नव्हता. त्या आकड्यावर तिचा विश्वास बसला. घर मैदानातून सुटलं, सरकत गेलं, आणि अशा जागी जाऊन बसलं की आम्ही दोघी बघतच राहिलो.

फोन तिनं माझ्यासमोरच केला.

"बाते, माझं चुकलं. घर मैदानात नव्हतं."

मग ग्लिगोरचा आवाज मलाही ऐकू आला, "अहा! म्हणजे गाड्या लावतात तिथं!"

"तिथंही नाही."

"मग कुठं?"

"रस्त्यात."

"कुठल्या रस्त्यात?"

"तुझ्या. स्वयंपाकघर मधल्या झाडांच्या पट्ट्यात आहे. मोठी खोली आणि ओसरी बसच्या मार्गिकेत."

आणि मग तो हसायला लागला, असा की बोसिल्कानं फोन कानापासून लांब धरला. "अगं, तीस वर्षं! तीस वर्षं मी माणसं भरून आपल्याच खोलीतून बस नेत होतो, आणि कुणी मला चपला काढ म्हणालं नाही!"

रविवारी सकाळी रहदारी कमी असते म्हणून ती दोघं तिथं गेली. मोजमापाला मी. बोसिल्कानं फीत लावली, मी टोक धरलं, आणि पट्ट्यातल्या दोन लिंडनच्या झाडांमध्ये तिनं खडूनं फुली मारली. या झाडांना उन्हाळ्यात गोड वासाची फुलं येतात. ग्लिगोर फुलीवर उभा राहिला आणि उगाच इकडेतिकडे पाहू लागला. दुकानं, बँक, बसथांबा. मग त्यानं दक्षिणेला पाहिलं. दोन उंच इमारतींच्या फटीतून वोद्नो डोंगराचा माथा दिसत होता.

"इकडे ये," तो बहिणीला म्हणाला. "माझ्या इथं उभी राहा. थोडी वाक. नऊ वर्षांच्या उंचीची हो."

ती वाकली.

"वरचा तो क्रूस विसर, तो आत्ताचा. त्याच्या बाजूला डोंगर जिथं खाली बसलाय ते बघ. बाबा सकाळी ओसरीत दाढी करताना आरसा कशाला टांगायचे?"

"खांबाला."

"आणि आरशाच्या बाजूला काय दिसायचं?"

बोसिल्का तशीच वाकलेली राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मी पाहिलं तर तिचे डोळे भरलेले आणि चेहरा हसरा. ग्लिगोरनं तिच्या पाठीवर एक थाप मारली. "नकाशा बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "पण मैदानाची राकिया परत दे."

आईला सांगायचं की नाही यावर दोघांत नवं भांडण सुरू झालं. शेवटी सांगितलं ग्लिगोरनंच, जेवताना, आईच्या तोंडात घास असताना, म्हणजे तिला उत्तर लगेच द्यावं लागू नये. झ्लातानं चमचा खाली ठेवला.

"मी गेले होते तिथं," ती म्हणाली.

दोघांनीही आपले चमचे खाली ठेवले.

"त्याच वर्षी. थंडी सुरू झाल्यावर. तुम्ही दोघं लांब होतात. सासऱ्यांसाठी मेणबत्ती लावायला गेले. सगळं यंत्रांनी सपाट केलेलं. नांगरलेल्या शेतात फिरावं तशी फिरले मी दुपारभर. मला आपलं घर सापडेना. लग्न होऊन त्या घरात आले, तुम्ही दोघं तिथं झालात, आणि मला जागा सापडेना. मेणबत्ती तशीच पिशवीत घेऊन परत आले." मग दोघांवर खेकसली, "आणि तुम्ही दर सणाला मला विचारणार, आई, झोका की गाड्या! काय सांगू? मला ठाऊक नाही म्हणून सांगू?"

बोसिल्का उठून तिच्याजवळ जाऊन बसली. ग्लिगोरनं विचारलं, "येतेस?"

"खुर्ची घ्या बरोबर," आई म्हणाली. "रस्त्यात उभी राहायला मी काही खांब नाही."

पुढच्या रविवारी आम्ही तिला नेलं. मेतोदीनं घडीची खुर्ची आणि थर्मास घेतला होता. झ्लाताला दोन्ही बाजूंनी धरून अर्धा रस्ता ओलांडला, पट्ट्यात बसवलं. तिनं डोक्यावरचा काळा रुमाल नीट केला, पायांखालच्या गवताकडे पाहिलं, आणि विचारलं, "दार कुठल्या बाजूला?"

बोसिल्कानं हातातला छापलेला कागद फिरवून दाखवलं. "इकडे."

"मग चूल इकडे." तिनं ग्लिगोरकडे बोट केलं. "सरक. चुलीवर उभा आहेस." ग्लिगोर खरोखरच उडी मारून बाजूला झाला. ती हसली. नंतर चूल, फळी, आजोबांची खाट, सगळं तिनं हातानं हवेत मांडलं. आजोबांची खाट मात्र बसच्या मार्गिकेत गेली. तिकडे तोंड करून तिनं पिशवीतून पिवळी बारीक मेणबत्ती काढली आणि गवतात खोवली. बस गेली की वाऱ्यानं ती विझायची. ग्लिगोर टोपीचा आडोसा धरून उकिडवा बसला, आणि ती पेटती राहिली.

तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. तरुण होता, बिल्ल्यावर नाव देयान. "आजी, इथं बसता येत नाही. रस्ता आहे हा."

"बाळा, मी माझ्या स्वयंपाकघरात बसलेय," झ्लाता म्हणाली. "तूच आत आलास, आणि तेही न विचारता."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. बोसिल्कानं कागद पुढं केला आणि सांगितलं. तो ऐकत गेला, आणि मग टोपी मागं सारून म्हणाला, "माझी आजीही स्टेशनाजवळचीच. इथंच कुठंतरी. ती सांगते, घराशेजारी न्हावी होता." मेतोदीनं त्याला थर्मासच्या झाकणात कॉफी दिली. मेणबत्ती संपेपर्यंत तो आमच्याजवळच उभा राहिला आणि गाड्यांना हातानं बाजूनं जायची खूण करत राहिला.

देयाननं आजीला सांगितलं असणार, आजीनं चर्चमध्ये, कारण त्यानंतर कचेरीत म्हातारी माणसं यायला लागली. आमचं घर कुठं होतं ते सांगा. वरच्यांनी आधी नाक मुरडलं, मग दर गुरुवारी सकाळ त्यासाठी ठेवली. निवृत्त झाल्यावरही बोसिल्का गुरुवारी यायची. सगळेच खूश होऊन जायचे असं नाही. एका बाईचं घर गेलं होतं मॉलच्या स्वच्छतागृहाखाली, ती बोसिल्कालाच बोलली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हे शक्य नाही, आमचं अंगण फार मोठं होतं. बोसिल्कानं त्यांच्याशी वाद घातला नाही. "लहानपणी सगळ्यांचंच होतं," एवढंच म्हणाली. आणि खुंट्या कमी असतील तर ती सांगायचीच नाही. "अजून नक्की नाही," म्हणायची, "पुढच्या गुरुवारी या." लोक रागवायचे, आणि पुढच्या गुरुवारी यायचे.

झ्लाता पुढं दोन हिवाळे जगली. शेवटच्या वर्षात ती पाहुण्यांना सांगायची की माझं घर शहरात सगळ्यात रहदारीच्या जागी आहे, आणि पाहुणे गोंधळायचे. सणाच्या जेवणात आता भांडायला काही उरलं नाही म्हणून ग्लिगोरनं नवं काढलंय. आजोबांनी ओसरीला निळा रंग दिला होता की हिरवा. नकाशात रंग नसतो, त्यामुळे ते बरीच वर्षं पुरेल.

परवाच मी बोसिल्काच्या अंगणात होते. सप्टेंबर म्हणजे आयवार करायचे दिवस. लाल मिरच्या पत्र्यावर भाजून, सोलून, वांग्याबरोबर कढईत घोटायच्या, हिवाळाभराची बेगमी. दोघींचे हात कोपरापर्यंत काळे. तिचा फोन वाजला. मी तो तिच्या कानाला लावून धरला. ऑस्ट्रेलियातून, पर्थहून कुणी बाई बोलत होती. आवाज म्हातारा, आमची भाषा जुन्या वळणाची. गल्लीचं नाव तिला आठवत नव्हतं. तशी गल्ल्यांची नावं नंतर बदललीही होती.

"नाव राहू द्या हो, ताई," बोसिल्का म्हणाली. "जवळ काय होतं ते सांगा. काहीही. झाड, पाणी, वळण."

बाई म्हणाली, सकाळी उठल्यावर पावाचा वास यायचा.

"बेकरी!" बोसिल्काचा आवाज चढला. "म्हणजे धुराडं. धुराडं मोजणीदार सोडत नाही. कुठल्या बाजूनं यायचा वास? खिडकीतून की दारातून?... विचार करा. घाई नाही. सोमवारी फोन करा मला."

मी फोन बाजूला ठेवला. ती भाजलेली मिरची सोलता सोलता मध्येच थांबली होती, नजर कुठंतरी लांब, मनात तिचा तो कागद उलगडत असणार. ओठ हलत होते. नदीच्या अलीकडच्या बाजूच्या बेकऱ्या ती एकेक करून मोजत होती.

"बोसिल्का," मी म्हटलं, "मिरच्या जळतायत."

"जळू दे गं जरा," ती म्हणाली. "चव येते."